पाच नेले, एक ठेवला

१

चोर कितीही हुशार असला तरी मागे एखादी खूण ठेवूनच जातो, आणि ती खूण कोणा ना कोणाच्या नजरेला पडतेच, असा मानवजातीचा हजारो वर्षांचा अनुभव आहे. लातूर जिल्ह्यात हा अनुभव वर्षातून एक दिवस लागू होत नाही. तो दिवस म्हणजे येळवस. खूण नजरेला पडण्यासाठी त्या दिवशी गावात कोणीतरी असावं लागतं, आणि कोणी नसतं.

मार्गशीर्षातली ही अमावस्या आली की अख्खं लातूर डबे-घागरी घेऊन शेतात जातं. ज्याला शेत नाही तो ज्याला आहे त्याच्या शेतात जातो. दुकानांची शटरं खाली, चौकात सिग्नल स्वतःशीच लाल-हिरवे होत असतात. संचारबंदीला निदान पोलीस तरी असतात. येळवशीला तेही कोणाच्या तरी शेतात भज्जी खात असतात.

अशा या दिवशी सकाळी पंचशीला नरवाडे रेणापूर रोडवरच्या आकनगिरे लॉन्सच्या स्टोअररूममध्ये एका लाकडी खोक्यापुढे उभी होती.

पंचशीला ही नांदेडच्या 'निमित्त इव्हेंट कन्सल्टन्सी'ची संस्थापक, संचालक आणि फोन उचलणारी. पुण्यातल्या मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून तिने हे सुरू केलं, तेव्हा पोस्टातून निवृत्त झालेल्या वडिलांनी विचारलं होतं, "म्हणजे मंडप टाकायचा?"

"नाही बाबा. मंडप कुठे टाकायचा, कसा टाकायचा, ते सांगायचं."

"ते मंडपवाल्याला माहीत नसतं का?"

या प्रश्नाचं उत्तर तिने अजून दिलेलं नव्हतं. उद्याचा कार्यक्रम हेच ते उत्तर होतं. एका बियाणे कंपनीचा 'भूमिपुत्र पुरस्कार' सोहळा. येळवशीला पुण्या-मुंबईची माणसं गावाकडे आलेलीच असतात, गर्दी आयती, म्हणून दुसऱ्या दिवशीचा मुहूर्त. नीट पार पडला तर कंपनीचे मराठवाड्यातले सगळे कार्यक्रम तिच्याकडे. नाही पडला तर पुण्याच्या जुन्या साहेबांनी प्रेमाने सांगून ठेवलं होतं, "परत यायचं असेल तर लाजू नकोस." त्या प्रेमाची तिला फार धास्ती होती.

पुरस्काराची कल्पना तिचीच. काचेच्या ट्रॉफ्या सगळेच देतात. तिने पुण्याच्या डिझायनरकडून काळ्या दगडाच्या करून घेतल्या. मातीतल्या माणसाला मातीतलं. दगड मुद्दाम अनघड ठेवायचा, फक्त खालून यंत्राने सपाट कापायचा, म्हणजे टेबलावर उभा राहील. वर पुरस्कारार्थ्याच्या नावाची पितळी पाटी. ती पाटी मात्र आदल्या संध्याकाळपर्यंत चिकटवायची नाही, कारण पुरस्कारार्थी तोवर बदलू शकतात, हा या धंद्यातला पहिला धडा. कंपनीचे मालक शेषेराव अण्णांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी दगडाचा फोटो सगळ्या पाहुण्यांना पाठवला. त्यामुळे ऐनवेळी दुसरं काही देणं शक्यच नव्हतं.

पाच भूमिपुत्र आणि एक जीवनगौरव, मिळून सहा. काल दुपारी खोकं तिने स्वतः इथे ठेवलं होतं. पाट्या तिच्या पर्समध्ये होत्या.

कुलूप शाबूत होतं. शेजारी संगमेश मंडपवाल्याची लाखामोलाची ध्वनियंत्रणा जागच्या जागी होती. खोक्याचं झाकण तेवढं उघडं होतं आणि त्यावर पांढरी बोटं उमटली होती.

आत एकच दगड होता.

२

लॉन्सचा मालक सुदर्शन आकनगिरे मागच्या शेतातून धावत आला. डोक्याला नवा फेटा, हातात कडब्याची पेंढी.

"मॅडम, आज कशाला आलात? आज तर कुत्रंसुद्धा गावात नसतंय."

"सुदर्शनजी, ट्रॉफ्या चोरीला गेल्या."

"सगळ्या?"

"पाच. एक ठेवली."

सुदर्शनने पेंढी खाली ठेवली. "एक कशाला ठेवली?"

"तेच मी विचारतेय. किल्ल्या किती आहेत या खोलीच्या?"

"दोन. एक संगमेशकडं, त्याचं सामान हाय म्हणून. एक आमच्या घरात, खिळ्याला. पण माझ्यावर संशय घेऊ नका मॅडम, मला आधीच लई ताण हाय. आई महिनाभर माझ्याशी बोलत न्हाई."

"का?"

"रस्ता रुंद केला न्हवं का. जेसीबीनं आमचा इकडचा बांध बांधावरल्या सगळ्या सामानासकट उचलून नेला. आई म्हणती, तू आडवा का झाला न्हाईस. आता जेसीबीला आडवा कोण होतंय? आज सणाचं बोलली एकदाची, तर तुम्ही चोरी काढली."

पंचशीला ऐकत नव्हती. डोक्यात शेषेराव अण्णांचा चेहरा होता. तिने झाकण दारात उजेडाला आणून त्यावरची पांढरी बोटं दाखवली.

"हे?"

सुदर्शनने वाकून पाहिलं. "संगमेशच्या माणसांनी काल पार्किंगला पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारल्या. त्यांचेच हात असतील." मग जरा थांबून म्हणाला, "तसं बघितलं तर हे काम आधी संगमेशलाच मिळायचं होतं. तुम्ही मधी आलात."

हे पंचशीलाला माहीत होतं. मंडपाचं काम तरी त्याला मिळावं म्हणून तिनेच त्याला घेतलं होतं. काम गेलेला माणूस आपल्याच हाताखाली ठेवणं हा मोठेपणा होता की मूर्खपणा, हे आता कळणार होतं.

"त्याचं शेत कुठे आहे?"

"रेणापूरच्या अलीकडं. पण जेवून जावा मॅडम. येळवशीला शेतातनं उपाशी कोणी जात नसतंय."

"आधी चोर," ती म्हणाली आणि गाडीत बसली. संगमेशने फोन उचलला नाही.

३

रस्त्यावर तिच्या गाडीशिवाय दुसरं वाहन नव्हतं. दोन्ही बाजूंना मात्र माणसंच माणसं. प्रत्येक शेतात कडब्याची छोटी खोप, खोपीवर नवी शाल, भोवती बायका-पोरं. एखाद्या जिल्ह्याने एका दिवसात गाव बदलावं तसं. नांदेड शहरात वाढलेल्या, सात-बाऱ्यावर कधी नाव न लागलेल्या घरातल्या पंचशीलाला येळवस म्हणजे लातूरची सुट्टी एवढंच ठाऊक होतं.

संगमेशने तिला लांबूनच ओळखलं.

"या, कन्सल्टंट ताई! खोप कुठं टाकायची ते सांगायला आलात का? मधोमध टाकली हाय, चालंल का?"

त्याच्या पाहुण्यांत हशा झाला. त्याच्या बायकोने, अंबिकाने, काही न विचारता पंचशीलाच्या हातात भाज्या-दाण्यांची घोटलेली भज्जी आणि बाजरीचे उंडे वाढलेलं ताट दिलं. चौकशी करणाऱ्याने संशयिताच्या घरी जेवू नये, असा नियम असणार. पण उंडा गरम होता.

"संगमेशभाऊ, काल तुमच्याकडे स्टोअरची किल्ली होती."

"आजही हाय." त्याने कमरेची किल्ली दाखवली. "काय गेलं?"

"पाच ट्रॉफ्या."

संगमेश हसायचा थांबला. मग त्याने शांतपणे आंबील प्यायली. "ताई, माझ्या पोटात दुखतंय, हे खरं हाय. नांदेडहून बाई येती आणि मला माझाच मंडप कसा टाकायचा ते सांगती. दुखणारच की. पण मला तुमचा कार्यक्रम पाडायचा असता तर ट्रॉफ्या कशाला? उद्या सकाळी जनरेटरमधी डिझेल कमी भरलं की झालं. ह्याला डोकंसुद्धा लागत न्हाई."

हे इतकं खरं होतं की पंचशीलाला उद्याच्या जनरेटरचीही काळजी सुरू झाली.

"झाकणावर पांढरे हात आहेत. तुमच्या माणसांनी फक्की मारली होती."

"अंबिके, ती पिशवी दे गं इकडं." त्याने स्कूटरला अडकवलेल्या पिशवीतली चिमूटभर फक्की तिच्या तळव्यावर ठेवली. "फुंका."

तिने फुंकलं. तळवा स्वच्छ झाला. तिने फोनमधला झाकणाचा फोटो मोठा करून पाहिला. तिथली बोटं जाड होती, सुकून तडकलेली, आणि एका बोटाखाली ओघळ होता. पावडरीला ओघळ येत नाही. हा कालवलेला चुना होता.

"बघा," संगमेश म्हणाला, "मी सुटलो. आता आमच्या पांडवांच्या पाया पडून जावा."

खोपीत पाच गोळे मांडले होते, वर्षानुवर्षांच्या चुन्याने लाडवांसारखे गुळगुळीत झालेले. "आज्याच्या काळातले हायत," तो म्हणाला. पंचशीलाने मान हलवली, पण लक्ष फोनकडे होतं. फोन वाजत होता.

शेषेराव अण्णा.

"नरवाडे मॅडम, उद्या गडबड होईल. मी आज संध्याकाळीच येतो. पाट्या लावलेल्या ट्रॉफ्या एकदा डोळ्यांखालून घालतो."

४

तिसरा संशय कंपनीतलाच होता. पुनम ही कंपनीची जाहिरात अधिकारी. पुनमच्या मामाचं काचेच्या ट्रॉफ्यांचं दुकान, आणि दगडाची कल्पना आल्यापासून मामा भाचीवर नाराज. काल पुनमनेच फोन करून विचारलं होतं, "मॅडम, ते नेमके ठेवलेत कुठे?"

पुनमचं शेत चार मैलांवर. तिथेही आधी ताट हातात आलं.

"माझं जेवण झालंय," पंचशीला म्हणाली.

"ते दुसऱ्याच्या शेतात झालं," पुनमची आजी म्हणाली. "हितं कुठं झालंय? पांडवांना निवद दावलाय, बस आता."

पुनमने बातमी ऐकली आणि तोंडावर हात ठेवला. हसू लपवायला की धक्का, हे कळायला मार्ग नव्हता.

"मॅडम, तुम्ही मामामुळे आलात ना? मामा तिकडं बघा, बाभळीखाली. आंबील जास्त झालीय." मामा खरोखरच पसरला होता. "आणि दुकानाला कुलूप आहे. तुम्ही आज काच मागितली तरी तो उठून देणार नाही. अशी कसली चोरी करायची, जिचा फायदा झोपेत जातो?"

"मग नेलं कोणी?"

"मला विचाराल तर, मला तुमचं नाव खराब करायचं असतं तर मी सहाच्या सहा नेले असते. पाच नेऊन एक ठेवणं म्हणजे काय? बरं, जीवनगौरवचा मुद्दाम ठेवला म्हणावं, तर तो अण्णांच्या सासऱ्यांना आहे. तो तर लोक आधी पळवतील."

"त्यावर पाट्याच नाहीत, पुनम. सहाही सारखेच. कुठला कोणाचा हे कोणालाच..."

पंचशीला मधेच थांबली.

कोणालाच कळणार नव्हतं. म्हणजे चोराने निवडून एक ठेवला नव्हता. त्याने मोजून पाच घेतले होते. त्याला पाचच हवे होते. सहावा फुकट मिळत असूनही नको होता.

पाच कशाला लागतात?

तिने मान वर केली. समोर खोपीत पाच पांढरे दगड. पलीकडच्या शेतात खोप, तिथेही पाच. ती सकाळपासून अख्खा जिल्हा पालथा घालत होती आणि प्रत्येक शेतात पाच दगड चुना लावून तिच्याकडे बघत बसले होते.

आणि आपण सकाळपासून सगळ्यांना 'ट्रॉफ्या गेल्या' असं सांगत फिरतोय. एकालाही 'दगड' म्हणालो नाही. म्हटलं असतं तर स्टोअररूमच्या दारातच निकाल लागला असता. कन्सल्टन्सीची सवय, दुसरं काय.

पण मग अडचण होती. पांडव तर सगळ्यांकडे होते, आज्या-पणज्यांच्या काळापासूनचे.

"पुनम, हे पांडव पुढच्या येळवशीपर्यंत कुठे असतात?"

"इथंच. बांधावर. बारा महिने."

"आणि बांधच गेला तर?"

पुनमची आजी घास थांबवून म्हणाली, "असं अभद्र बोलू न्हाई माय. बांध कसा जाईल?"

पंचशीलाने ताट खाली ठेवलं. जेसीबीने जातो.

५

लॉन्सच्या मागे आकनगिऱ्यांची खोप होती. पांडव तिने लांबूनच ओळखले. जिल्ह्यातले बाकीचे पांडव आपल्या वयाप्रमाणे कुठे कलले, कुठे लवंडले होते. हे पाच कवायतीला उभे असल्यासारखे ताठ होते. खालून यंत्राने कापलेले होते ना. चुन्याचा एकच हात बसला होता आणि मधूनच काळा रंग डोकावत होता.

सुदर्शनची आई, तुळजाबाई, खोपीपुढे बसून पाहुण्यांना आंबील वाढत होती. बोटांच्या पेरांना चुना.

"ये लेकी, बस. तूच ना ती कार्यक्रमवाली? बघ आमचे पांडव. किती ग्वाड दिसाय लागलेत."

"छान आहेत, मावशी. नवे दिसतात."

"नवेच हायत. जुने जेसीबीनं नेले. महिनाभर म्हणत राहिले ह्याला, अरे, दगड आण, दगड आण. ह्या काळ्या रानात दगड औषधाला न्हाई. हा आपला 'आणतो आई, आणतो'. मी बोलणंच सोडलं. आज पहाटं घागरीला चुना लावला आणि तशीच खिळ्यावरली किल्ली घेऊन लॉनच्या खोलीत पाट आणाया गेले, तर खोक्यात दगड!" म्हातारीचा आवाज खाली आला. "लेकानं गुपचूप आणून ठेवले होते. निवडून, एकसारखे. मी उगीच त्याला बोल लावला." मग पुन्हा वर गेला. "फकस्त एक जास्तीचा आणला. पांडव किती, हे ह्याला कवा ध्यानात राहणार?"

पाहुणे हसले. सुदर्शन मागे उभा होता. त्याने आईला चोरीचं काहीच सांगितलेलं नव्हतं. ती आज बोलली कशामुळे, हे त्याला आत्ताच कळत होतं. आणि 'ट्रॉफ्या' कसल्या, हेही. त्याने पंचशीलाकडे असं पाहिलं, जसं लोक डॉक्टरकडे बघतात.

पंचशीलाच्या तोंडाशी वाक्य आलं होतं. ते माझे आहेत. एवढंच. चोर सापडला, माल सापडला, चुना धुतला की निघतो, अण्णा संध्याकाळी येतायत. आपण सकाळपासून याचसाठी वणवण केली.

"मावशी," ती म्हणाली, "हे आज संध्याकाळी उचलतात का?"

"उचलतात? बसवलेले देव उचलतंय का कोणी? आता आमच्या संग ऱ्हाणार ते."

तुळजाबाईने आंबिलीची वाटी तिच्या हातात दिली. तिने ती शेवटपर्यंत प्यायली.

"चांगले आणलेत सुदर्शनजींनी," पंचशीला म्हणाली.

सुदर्शन तिच्या मागोमाग रस्त्यापर्यंत आला.

"मॅडम, मी कसं..."

"ते राहू द्या. संध्याकाळी अण्णा येणार. मला पाच काळे दगड पाहिजेत. कुठे मिळतील?"

त्याने नुसता हात केला. रस्त्याच्या कडेला ठेकेदाराचा काळ्या दगडाचा ढीग पडला होता, लॉन्सच्या कंपाउंडला टेकून, ट्रकभर.

"हा इथेच होता? मग तुम्ही आईला यातलेच का नाही दिले?"

"आई घेत न्हाई. रस्त्याचा दगड, चाकाखाली जायचा. देवाला चालत न्हाई म्हणती."

"आणि पुरस्काराला?"

सुदर्शनने प्रामाणिकपणे विचार केला.

"पुरस्काराला चालतंय की."

६

संगमेश फोन केल्यावर अर्ध्या तासात आला, सण सोडून, दोन माणसांसह. ढिगातले दगड काही सपाट उभे राहत नव्हते. त्याने प्लायवूडच्या बैठका कापल्या, काळं कापड लावलं, दगड बसवले, आणि हे सगळं करताना तोंड अखंड चालू ठेवलं.

"ताई, तुमच्या पुण्याच्या माणसानं ह्याचे किती घेतले म्हणायचे?"

"विचारू नका."

"न्हाई, मी धंदा बदलावा म्हणतो."

"जनरेटरमध्ये डिझेल आहे ना?"

"भरलंय. दोनदा बघितलं. तुमच्यामुळं मलाच आता झोप यायची न्हाई."

ऊन उतरता उतरता शेषेराव अण्णा आले. सहा दगड टेबलावर मांडलेले, पितळी पाट्या चमकत होत्या. पंचशीला हात मागे बांधून उभी राहिली. अण्णांनी एकेका दगडावरून हात फिरवला, डोळे मिटले, उघडले.

"याला म्हणतात पुण्याची नजर. आपल्याकडच्या माणसाला हे सुचणार नाही."

संगमेशला एकदम खोकला आला.

अण्णा सहाव्या दगडापाशी थांबले. हा तेवढा खरा, खोक्यात उरलेला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, हा जरा नकली वाटतो. याला सासऱ्यांचीच पाटी लावा."

दुसऱ्या दिवशी मांडव भरला. जनरेटर बंद पडला नाही. सूत्रसंचालक फक्त एका पाहुण्याचं नाव विसरला, आणि तो पाहुणा फक्त पाच मिनिटं रुसला. पहिल्या रांगेत तुळजाबाई होती, शेजारी मुलगा, आणि ती त्याला स्टेजवरच्या प्रत्येक माणसाबद्दल काहीतरी सांगत होती. टाळ्या वाजल्या. जाताना अण्णांनी हात जोडून सांगितलं, "पुढचे सगळे कार्यक्रम तुम्हीच बघायचे." पंचशीलाने मांडवाच्या खांबाला टेकून पुण्याच्या साहेबांना कळवून टाकलं, की येत नाही. मग वडिलांना फोन लावला. ते म्हणाले, "बरं झालं. मंडप नीट उभा राहिला ना?"

मंडप उतरवताना संगमेशने तिला स्टेजवर बोलावलं. पाचही भूमिपुत्र शाल, श्रीफळ आणि फुलांचे हार घेऊन घरी गेले होते. त्यांचे दगड खुर्च्यांखालीच राहिले होते.